दुसऱ्या देशाची जर्सी

एका देशात जन्मलेल्या फुटबॉलपटूने दुसऱ्या देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळण्याची प्रथा विश्वचषकाइतकीच जुनी आहे. ब्युनोस आयर्सचा लुईस मोंती १९३० मध्ये मोंतेविदेओ येथे अर्जेंटिनाकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. तो सामना उरुग्वेने ४-२ असा जिंकला. चार वर्षांनी रोममध्ये हाच मोंती इटलीकडून अंतिम सामन्यात उतरला आणि या वेळी चेकोस्लोव्हाकियाला २-१ असे नमवून विश्वविजेता ठरला. दोन निरनिराळ्या देशांकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे. पात्रतेचे आजचे नियम त्या काळी नव्हते. ते पुढे टप्प्याटप्प्याने आले आणि बहुतेक वेळा कोणा ना कोणा खेळाडूच्या प्रकरणानंतरच आले.

मोंती इटलीत पोहोचला त्याला स्थलांतराची पार्श्वभूमी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाखो इटालियन कुटुंबे अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलमध्ये जाऊन राहिली होती. त्यांच्या मुलाबाळांना इटली आपलेच नागरिक मानत असे. १९२६ मध्ये इटालियन लीगने परदेशी खेळाडूंना दारे बंद केली, तेव्हा क्लबांनी या वंशजांकडे मोर्चा वळवला. कागदोपत्री ते परदेशी नव्हतेच. इटलीत त्यांना ‘ओरिउंदी’ म्हणत. १९३४ च्या विजेत्या संघात मोंतीबरोबर राइमुंदो ओर्सी आणि एन्रिके ग्वाइता हे अर्जेंटिनात जन्मलेले खेळाडूही होते. अंतिम सामन्यात बरोबरी साधणारा गोल ओर्सीचाच. हे खेळाडू इटलीच्या लष्करी सेवेस बांधील आहेत, मग इटलीकडून का खेळू नयेत, असा प्रशिक्षक वित्तोरियो पोत्सो यांचा युक्तिवाद होता. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर चढाईची तयारी सुरू केली आणि हीच बांधिलकी अंगाशी येणार असे दिसू लागले. तेव्हा रोमा क्लबकडून खेळणारा ग्वाइता दोन सहकाऱ्यांसह सीमा ओलांडून फ्रान्सला निघून गेला. पुढे १९३७ मध्ये तो पुन्हा अर्जेंटिनाच्या संघात दिसला.

दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रीय संघ बदलण्यामागची कारणेही बदलली. आता देश सोडणाऱ्यांत राजकीय निर्वासित होते. लास्लो कुबाला १९२७ मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मला. तो १९४६-४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून सहा सामने खेळला आणि १९४८ मध्ये हंगेरीकडून तीन. हंगेरीवर कम्युनिस्टांची पकड घट्ट होत असताना, जानेवारी १९४९ मध्ये, सोव्हिएत सैनिकाच्या वेषात ट्रकमधून तो ऑस्ट्रियात पळून गेला. हंगेरीच्या महासंघाने तक्रार केल्यावर फिफाने त्याच्यावर बंदी घातली. त्या काळात त्याने पूर्व युरोपातून पळालेल्या खेळाडूंच्या ‘हुंगारिया’ संघातून प्रदर्शनी सामने खेळून दिवस काढले. स्पेनच्या दौऱ्यात बार्सिलोनाने त्याला हेरले आणि १९५० मध्ये करारबद्ध केले. फ्रँकोच्या राजवटीला कम्युनिझममधून सुटून आलेला असा नायक हवाच होता. १९५५ मध्ये त्याच्या पलायनावर चित्रपट निघाला आणि त्यात कुबालाने स्वतःचीच भूमिका केली.

नागरिकत्व मिळाल्यावर कुबाला १९५३ पासून स्पेनकडून खेळू लागला. पण कागदपत्रांचा प्रश्न संपला नव्हता. १९५४ च्या विश्वचषकासाठी पात्रतेच्या लढतीत स्पेन आणि तुर्कस्तान यांनी एकेक सामना जिंकला. गोलफरकाचा विचार तेव्हा होत नसल्यामुळे १७ मार्च १९५४ रोजी रोममध्ये निर्णायक सामना ठेवला गेला. सामन्याच्या तोंडावर स्पेनच्या गोटात एक तार पोहोचली. कुबालाच्या पात्रतेबद्दल तीत इशारा होता आणि ती फिफाकडून आल्याचे सांगितले जात होते. स्पेनने धोका न पत्करता त्याला बाहेर बसवले. जादा वेळेनंतरही सामना २-२ असा बरोबरीत सुटला. त्या वेळी पेनल्टी शूटआउटची पद्धत नव्हती, त्यामुळे चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका इटालियन मुलाने चिठ्ठी उचलली, ती तुर्कस्तानची निघाली. स्पेन विश्वचषकाबाहेर गेला. आपण अशी तार पाठवलीच नव्हती, असे फिफाने नंतर सांगितले.

आल्फ्रेदो दी स्तेफानो याची कथा व्यावसायिक फुटबॉलमधून घडली. १९४७ च्या दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत त्याने अर्जेंटिनासाठी सहा सामन्यांत सहा गोल केले. १९४९ मध्ये अर्जेंटिनातील खेळाडूंच्या संपानंतर तो कोलंबियाच्या मिलोनारिओस क्लबकडे गेला. तेव्हाची कोलंबियन लीग फिफाच्या कक्षेबाहेर होती, त्यामुळे क्लबांना हस्तांतरण शुल्क न देता बडे खेळाडू आणता येत. कोलंबियाच्या संघातून तो खेळलेले सामने फिफाने धरले नाहीत. १९५३ मध्ये तो रेआल माद्रिदमध्ये आला आणि १९५६ ते १९६० या काळात क्लबने सलग पाच वेळा युरोपियन कप जिंकला. १९५६ मध्ये त्याला स्पेनचे नागरिकत्व मिळाले. ३० जानेवारी १९५७ रोजी नेदरलँड्सविरुद्धच्या पदार्पणातच त्याने तीन गोल केले. स्पेनसाठी त्याची एकूण कामगिरी ३१ सामन्यांत २३ गोलांची. तरीही विश्वचषकाचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. १९५० आणि १९५४ मध्ये अर्जेंटिना स्पर्धेत नव्हता, १९५८ मध्ये स्पेन पात्र ठरला नाही आणि १९६२ मध्ये तो चिलीला गेला तो जखमी अवस्थेत.

१९६२ ची स्पर्धा या प्रथेचा कळस ठरली. स्पेनच्या चमूत दी स्तेफानोखेरीज हंगेरीचा फेरेंत्स पुश्काश होता आणि १९५४ चा विश्वचषक उरुग्वेकडून खेळलेला होसे सांतामारियाही होता. इटलीच्या संघात १९५८ चा विश्वविजेता ब्राझिलियन जोसे आल्ताफिनी आणि अर्जेंटिनाचा ओमार सिव्होरी होते. दोन्ही संघ पहिल्याच फेरीत गारद झाले. त्यानंतर फिफाने एका राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या राष्ट्रीय संघाची दारे बंद केली.

मात्र जो कोणत्याच देशाकडून खेळलेला नाही, त्याला नव्या पारपत्रावर कोठेही खेळता येत होते. ही पळवाट २००४ मध्ये चव्हाट्यावर आली. जर्मनीत खेळणाऱ्या आयल्तोनसह तीन ब्राझिलियनांना पैसे देऊन नागरिक करून घेण्याचा कतारचा बेत होता. त्यांचा कतारशी पूर्वीचा काहीही संबंध नव्हता. फिफाने तातडीने अट घातली : खेळाडूचा, त्याच्या आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशात झालेला असावा, नाहीतर त्याने तेथे दोन वर्षे वास्तव्य केलेले असावे. २००८ मध्ये वास्तव्याची अट वयाच्या अठराव्या वर्षानंतरची पाच वर्षे अशी कडक झाली. उलट २०२० मध्ये एक दार किलकिले झाले. मुनीर अल हद्दादी २०१४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मॅसेडोनियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून काही मिनिटे स्पेनकडून खेळला आणि तेवढ्यावरून मोरोक्कोचा मार्ग गमावून बसला होता. नव्या नियमानुसार एकविसाव्या वर्षाआधी तीनपेक्षा जास्त सामने न खेळलेल्यांना, इतर अटी पाळून, संघ बदलता येतो. मुनीर २०२१ मध्ये मोरोक्कोकडून खेळला.

भारतात फिफाच्या नियमांवर देशाचा कायदा आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि २००८ च्या सरकारी धोरणानुसार भारतीय पारपत्र असलेल्यांनाच देशाचे प्रतिनिधित्व करता येते. त्यामुळे परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला जुने नागरिकत्व सोडावेच लागते. जपानमधील शिमोनोसेकी येथे जन्मलेल्या इझुमी अराता याचे वडील भारतीय आणि आई जपानी. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि नंतर पुणे एफसीकडून खेळत असलेल्या अराताने जपानी नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेल्या रायन विल्यम्सची आई मुंबईची. त्यानेही २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले.