टनाचा दर, तासाचा हिशोब: किमान वेतन बीडच्या कोयत्यापर्यंत पोचतं का?

आजचा भाग किमान वेतनाच्या इतिहासावर आहे. विषय कायद्याचा, पण आपण तो उसाच्या फडातून बघणार आहोत. मी बीडचा. शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातले काही बाक थेट उन्हाळ्यापर्यंत रिकामे असायचे. पोरं आईबापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असायची. आज नोकरीत माझा पगार महिन्याला ठरलेला आहे. त्यांचा ठरतो टनावर. तर प्रश्न असा, की देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून आहे, मग तो या माणसांपर्यंत पोचतो का?

कायदा आला कुठून

किमान वेतनाची सुरुवात झाली न्यूझीलंडमध्ये १८९४ साली आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८९६ साली. ब्रिटनने १९०९ मध्ये ट्रेड बोर्ड्‌स कायदा केला, तो शिवणकाम, खोकी बनवणं, साखळ्या घडवणं अशा धंद्यांसाठी. यात घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायका भरपूर होत्या. हे लक्षात ठेवा, कारण युनियन नाही, नगावर पैसे आणि मधे दलाल, अशाच लोकांसाठी ही कल्पना जन्माला आली.

आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. कायदा झाला मार्च १९४८ मध्ये. गंमत म्हणजे तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं.

ब्रिटनने १९९९ मध्ये देशभर एकच दर लावला, तासाला ३ पौंड ६० पेन्स. आपण तसं केलं नाही. कायद्याला एक यादी जोडली आणि यादीतल्या प्रत्येक धंद्याचा दर त्या त्या सरकारने ठरवायचा, जास्तीत जास्त पाच वर्षांनी तो तपासायचा, असं ठेवलं. म्हणून राज्यागणिक, धंद्यागणिक, कुशल-अकुशल असे वेगवेगळे दर झाले. १९९६ साली केंद्राने ३५ रुपये रोज असा राष्ट्रीय तळ जाहीर केला, २०१७ मध्ये तो १७६ पर्यंत गेला, पण त्याला कायद्याचं बळ नव्हतं. ते बळ २०१९ च्या वेतन संहितेने दिलं आणि ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. आता यादीचं बंधन गेलं. कागदावर तरी हक्क सगळ्यांचा आहे.

'किमान' म्हणजे किती?

१९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने याचं सूत्र दिलं. एका कमावत्या माणसामागे तीन खाणारी तोंडं, प्रत्येकाला २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेला २० टक्के. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरले. एक माणूस कमावणार आणि त्यावर घर चालणार, हे या सूत्राचं गृहीतक आहे. ते पुढे कामाला येईल.

मालकाने म्हणावं की मला परवडत नाही, तर? कोर्टाने बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यात सांगितलं की ही सबब चालणार नाही. मजूर स्वतःच कमी पैशावर राजी असेल, तर? १९४८ च्या कायद्याप्रमाणे असा करारच रद्दबातल. आणि १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात कोर्ट आणखी पुढे गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ मधली वेठबिगारी.

आता फडात या

ऊसतोडीचा दर सरकारी अधिसूचनेतून येत नाही. तो साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्या वाटाघाटीतून ठरतो. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते या कामगारांच्या जोरावर उभे राहिले. कित्येक वर्षं संप, मग लवाद, आणि लवादात शरद पवार आणि मुंडे असं चित्र असायचं. २०२० च्या करारात १४ टक्के वाढ झाली. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन मूळ दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. ही कमाई संघटनेची आहे, ती छोटी नाही.

पण हिशोब करून बघू. फडात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. समजा जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, पाचट काढलं, मोळ्या बांधल्या आणि गाडी भरली. झाले ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. ऐकायला बरं वाटतं. आता दिवस पहाटेपासून धरून बारा तासांचा घ्या. आठ तास नेहमीचे आणि वरचे चार ओव्हरटाइमचे, ज्याला कायद्याने दुप्पट दर. म्हणजे सोळा तासांचा मोबदला ३६६. आठ तासांचा भाव निघाला १८३ रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी ३१२ होती.

हा नुसता नमुना आहे. फड चांगला असेल तर आकडा वाढेल, ऊस लोळलेला असेल तर कमी होईल. मुद्दा असा की कायदा तास मोजतो आणि काटा टन मोजतो. नगावर काम करणाऱ्यालाही तासाच्या किमान दरापेक्षा कमी मिळता कामा नये, अशी तरतूद १९४८ च्याच कायद्यात होती. पण त्यासाठी तास कुणीतरी लिहून ठेवायला हवेत. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन लिहिलेलं आहे, इनपुटच येत नाही.

मालक कोण?

इथे खरी गाठ आहे. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम मजुराला हंगामाआधी उचल देतो आणि ती तोडणीतून फिटते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. हजेरीपट मात्र कुणाकडेच नाही.

दुसरी बाजूही सांगतो. उचल घेऊन टोळीच आली नाही, म्हणून कर्जात बुडालेले ट्रॅक्टरवाले आहेत. शेतकऱ्याला उसाला तुरा यायच्या आत तोड हवी असते. सगळ्यांचीच कोंडी आहे. पण हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं, ही कोंडी फक्त मजुराची.

त्यात खाडा. एक दिवस काम बुडालं तर जोडीला ५०० रुपयांपर्यंत दंड लागल्याचं वारंवार समोर आलं आहे. मासिक पाळी असो की ताप. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा खाड्याची ही भीती सगळ्या राज्याने ऐकली. आणि ते गृहीतक आठवा, एक कमावणार आणि घर चालणार. इथे दोघं राबतात, दर एकच, आणि हिशोब बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं, गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यायचे ठरलं, मुलांसाठी वसतिगृहं निघाली. हे हवंच. पण कल्याण योजना वेगळी आणि मजुरी वेगळी. मजुरीसाठी मला तीन साध्या गोष्टी दिसतात: कारखान्याकडे प्रत्येक मजुराची स्वतंत्र नोंद, त्यात बाईचं नाव वेगळं, कामाचे तास, आणि पैसे ज्याचे त्याच्या खात्यात. गाडीचं वजन किलोपर्यंत नोंदवणारी यंत्रणा कारखान्याकडे आहेच. माणसाचे तास नोंदवणं त्याहून अवघड नाही.

पुढच्या भागात १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी. तोवर, तुमच्या घरात, दुकानात, शेतात जे कोणी कामाला असेल, त्यांचे तास एकदा मोजून बघा.