धुक्याचा तंबू

1960च्या दशकात अमेरिकेतली काही मुलं रोज रात्री प्लॅस्टिकच्या तंबूत झोपायची. पलंगावर तंबू आणि आत यंत्रातून सोडलेलं गार, दाट धुकं. सकाळी केस, कपडे, अंथरूण, सगळं ओलं.

या मुलांना सिस्टिक फायब्रोसिस होता. हा जन्मतःच असणारा आजार. यात फुप्फुसातला कफ इतका चिकट होतो की खोकून सुटत नाही, मग जंतू तिथेच मुक्काम ठोकतात. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी 1938 साली तो सविस्तर मांडला, तेव्हा बहुतेक रुग्ण शाळेत जायच्या वयापर्यंतही जगत नसत.

धुक्याने कफ पातळ होईल, ही कल्पना चटकन पटते. सर्दी झाली की आपणही वाफ घेतोच. क्लीव्हलंडच्या डॉ. लेरॉय मॅथ्यूज यांनी 1957पासून तंबू, छाती थोपटून कफ सोडवणं आणि आहार असं सगळं एकत्र, कडक शिस्तीत सुरू केलं. त्यांच्याकडची मुलं खरोखरच जास्त जगू लागली. साहजिकच तंबू घरोघरी गेले.

पण मुलं जगली ती नेमकी कशामुळे? हे वेगळं काढून कोणी पाहिलंच नव्हतं. आणि पाहणार तरी कसं? ‘तुमच्या मुलाला तंबू देत नाही, दुसऱ्याला देतो, बघू काय होतं,’ हे कुठल्या आईला सांगणार?

अखेर 1970च्या सुमारास तंबूसह आणि तंबूविना मुलांचा श्वास मोजला गेला. फरक दिसेना. धुक्याचं पाणी फुप्फुसात खोलवर जवळपास पोचतच नव्हतं! तंबू गेले. छाती थोपटणं मात्र राहिलं.

त्यानंतर कफ पातळ करणारं डॉर्नेज अल्फा आलं, तेव्हा 968 रुग्णांवर 24 आठवडे चाचणी झाली. त्यातल्या साधारण एक तृतीयांश जणांना नुसतंच बिनऔषधाचं द्रावण मिळालं. क्रूर वाटतं, पण तंबूची वर्षानुवर्षं ओली अंथरुणं मला जास्त क्रूर वाटतात.

लहानग्यांची अडचण आणखी वेगळी. नळीत जोरात फुंकून श्वास मोजायचा, हे तीन वर्षांच्या मुलाला कुठून जमणार? शिवाय डोस आणि सुरक्षितता वयागणिक तपासावी लागते. म्हणून चाचण्या मोठ्या मुलांपासून सुरू होऊन खाली उतरतात. ट्रायकाफ्टा या औषधाला अमेरिकेत 12 वर्षांपुढच्यांसाठी ऑक्टोबर 2019मध्ये मंजुरी मिळाली, 6 ते 11 वयासाठी 2021मध्ये आणि 2 ते 5 वयासाठी एप्रिल 2023मध्ये. एकाच घरात हाच आजार असलेली 12 वर्षांची ताई आणि 2 वर्षांचा भाऊ असेल, तर ताईच्या गोळ्या सुरू झाल्यावर भावाला साडेतीन वर्षं थांबावं लागलं.