या पानावर सगळंच चमकतंय

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करत होते. बंदराचं गाव, नुकताच थांबलेला पाऊस, रात्र. हस्तलिखित संपादकांकडून परत आलं तेव्हा एका पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'या पानावर सगळंच चमकतंय.' मोजून पाहिलं. ओला दगडी रस्ता चमकत होता, दाराची पितळी कडी चमकत होती, खलाशाचा सुरा चमकला होता आणि लांबचा कंदीलही चमकत होता. मूळ पानावर मात्र चार निराळी क्रियापदं होती : ग्लिसन, ग्लीम, ग्लिंट, ग्लिमर. चार प्रकारचे उजेड मी एकाच शब्दात कोंबले होते.

त्या पेन्सिलीच्या टिपणामुळे मी इंग्रजीतल्या उजेडाच्या शब्दांचा इतिहास वाचायला लागले. तो वाचताना एक गोष्ट लक्षात आली. यातला प्रत्येक शब्द उजेड किती आहे हे सांगतो, पण त्याआधी तो कशावरून येतो आहे हे सांगतो.

'ग्ल'नं सुरू होणारं हे कुटुंब इंग्रजीतलं फार जुनं. ग्लो, ग्लीम, ग्लिसन हे शब्द प्राचीन इंग्रजीतले, म्हणजे १०६६च्या नॉर्मन स्वारीच्या आधीचे. ग्लिटर उत्तरेकडून, नॉर्स बोलणाऱ्यांकडून आला. आज 'आनंदी' या अर्थानं वापरला जाणारा ग्लॅड हा शब्दही मुळात 'तेजस्वी' असाच होता. उजळलेल्या वस्तूवरून तो उजळलेल्या चेहऱ्यावर आला. या कुळाचं मूळ भाषाशास्त्रज्ञ ज्या इंडो-युरोपीय धातूपाशी नेतात, त्याचा अर्थ चमकणं, पिवळं असणं. इंग्रजीतले गोल्ड आणि यलो त्यातूनच आले, आणि संस्कृतातले हिरण्य व हरि हे शब्दही. हरीवरून हरिद्रा, हरिद्रेवरून आपली हळद. तेव्हा ग्लिटर हा शब्द आपल्या मिसळणाच्या डब्याचा लांबचा का होईना, नातेवाईक निघतो.

कूळ एक असलं तरी प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. ग्लिसन होण्यासाठी ओल लागते : पावसातला रस्ता, घामेजलेलं कपाळ, पाणावलेले डोळे. ग्लीमला घासलेला, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. ग्लिंट म्हणजे धारेवरून किंवा काचेवरून क्षणभर उसळलेली तिरीप. म्हणून डोळ्यांतला ग्लिंट बहुधा खोडकर किंवा धोकादायक असतो. ग्लिटर अनेक बारीक ठिणग्यांचा, आणि त्यात भपक्याचा संशय मिसळलेला. ग्लिमर मंद, थरथरता, विझेल की काय असं वाटायला लावणारा. म्हणूनच इंग्रजीत आशेला हा शब्द जोडतात. ग्लो मात्र बाहेरून पडलेल्या उजेडाचा नव्हेच. तो आतून येतो. ज्वाळेशिवाय फुललेला निखारा ही त्याची मूळ प्रतिमा.

मराठीकडे शब्द नव्हते असं मुळीच नाही. मीच ते शोधले नव्हते. दुरुस्त केलेल्या पानावर रस्ता ओला तुकतुकीत झाला, पितळी कडी लकाकू लागली, सुऱ्याचं पातं लखकन चमकलं आणि कंदील मिणमिणू लागला. तेव्हा दोन भाषांच्या स्वभावातला फरकही दिसला. इंग्रजी पृष्ठभाग पाहते, मराठी लय ऐकते. मिणमिण, लुकलुक, झगमग, लखलख : शब्दाची पुनरावृत्तीच उजेड कसा हलतो ते दाखवते. उलट बाजूनंही अडायला होतं. कौलातल्या फटीतून जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या तुकड्याला आपण कवडसा म्हणतो. इंग्रजीत तो सांगायला अख्खं वाक्य खर्ची घालावं लागतं.

नॉर्मन स्वारीनंतर इंग्रजी उजेडाला दुसरा मजला चढला. फ्रेंच आणि लॅटिनमधून रेडियंट, इल्युमिनेट, लस्टर, ब्रिलियंट असे शब्द पुढच्या शतकांत येत गेले. शाईन घरातला राहिला, रेडियन्स दरबारात आणि देवळात गेला. उजेड आणि प्रकाश, चमक आणि प्रभा या जोड्या वापरणाऱ्या आपल्याला ही उतरंड नवी नाही. यातल्या ब्रिलियंटची हकीकत तर आपल्या दारापर्यंत येते. तो सतराव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी बेरिल या रत्नाचं नाव असावं, असं अनेक व्युत्पत्तिकार मानतात. आणि बेरिल हा शब्द ग्रीकांनी प्राकृतातल्या 'वेळुरिय'वरून, म्हणजे संस्कृतातल्या वैडूर्यावरून घेतला. इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या वहीवर बाई 'ब्रिलियंट' लिहितात, तेव्हा कदाचित इथून गेलेलं रत्नच इतका वळसा घालून परत आलेलं असतं.

तिसरा थर यंत्रांचा. लाइमलाइटमधलं लाइम म्हणजे लिंबू नव्हे, चुनकळी. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत चुनकळी तापवली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. १८२०च्या दशकात थॉमस ड्रमंड या स्कॉटिश अभियंत्यानं आयर्लंडच्या भूमापनात तो वापरला. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या डोंगरावरून तो दिसला. १८३७मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो रंगमंचावर आला. पुढे विजेचे दिवे आले, चुना विझला, शब्द राहिला. आपण 'प्रकाशझोतात येणं' म्हणतो ते अशाच रंगमंचीय दिव्यांच्या सावलीत. त्याआधी मराठी माणूस नावारूपाला येत असे. त्यात दिवा नव्हता. नाव होतं आणि रूप होतं.

दिवा असणं आणि नसणं हा फरक सर्वात मोठा ठरतो तो एन्लाइटनमेंट या शब्दापाशी. अठराव्या शतकातल्या युरोपनं स्वतःच्या युगाला उजेडाचं नाव दिलं. फ्रेंच त्याला 'ल्युमिएर', दिवे, म्हणाले. जर्मन 'आउफक्लेरुंग', उजळणं, म्हणाले. ते म्हणजे काय, या प्रश्नाला कांटनं १७८४मध्ये निबंध लिहून उत्तर दिलं. मराठीत या कल्पनेला दोन वाटा फुटल्या. अहमदनगरहून १८४२मध्ये निघालेल्या मिशनरी नियतकालिकाचं नाव 'ज्ञानोदय' होतं. त्यात सूर्य आहे. पण १९२१मध्ये केशव सीताराम ठाकरे यांनी पाक्षिक काढलं त्याचं नाव 'प्रबोधन', आणि त्या नावानंच ते प्रबोधनकार झाले. प्रबोधनाचा धातू बुध्, म्हणजे जागं होणं. हिंदी-बंगालीतल्या नवजागरणातही जाग आहे. युरोपातल्या दोन वेगळ्या कालखंडांची नावं या शब्दांत थोडी मिसळली हे खरं. पण उजेडाच्या जागी जाग आली हेही खरं.

गंमत अशी की नेमक्या उलट दिशेनं तोच प्रवास इंग्रजीत झाला. बुद्ध आणि बोधी हे शब्दही बुध् धातूचे : जागा झालेला आणि जाग. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अभ्यासकांनी बोधीसाठी एन्लाइटनमेंट हा शब्द रूढ केला. आपल्याच युगाचा आवडता दिवा त्यांनी बोधिवृक्षाखाली नेऊन ठेवला. अलीकडचे काही अनुवादक मुद्दाम 'अवेकनिंग' वापरतात.

हा फरक शब्दांच्या कसरतीचा नाही. उजेड कुणीतरी आणून देऊ शकतो. दुसऱ्याच्या घरात दिवा लावण्याची भाषा साम्राज्यांना फार सोयीची होती. जागं मात्र ज्याचं त्यालाच व्हावं लागतं. हाक दुसऱ्याची असेल, डोळे आपलेच उघडावे लागतात.

तरीही उजेडाला खोटं ठरवण्याची घाई करवत नाही. महापरिनिर्वाणाआधीच्या बुद्धाच्या उपदेशात पालीतला 'दीप' हा शब्द आहे. पालीत त्याचे दोन अर्थ होतात : दिवा आणि बेट. संस्कृत पाठात तिथं द्वीप आहे, म्हणून अनेक अभ्यासक बेट हाच अर्थ मूळचा मानतात : पुरात स्वतःच स्वतःचा आधार व्हा. पण १९५६च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या विहारांच्या भिंतींवर आणि घराघरांत जो अर्थ रुजला, तो दिव्याचा. या वाचनात दिवा कुणी आणून देत नाही. तो आपणच व्हायचा असतो.

शब्दकोश मला बेटाकडे ढकलतो. वस्तीतली भिंत दिवा दाखवते. अनुवाद करताना आता मी आधी विचारते, हा उजेड कशावरून येतो आहे? या एका शब्दापाशी मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : तो कुणाच्या उपयोगी पडला?