‘प्रो’ आणि ‘प्राए’ : लॅटिनमधील ईश्वरी पूर्वज्ञानाचे शब्द

ईश्वराचे पूर्वज्ञान व त्याने चालविलेला जगाचा सांभाळ यांसाठी लॅटिनमध्ये रूढ झालेला ‘प्रोविदेंतिया’ हा शब्द मुळात देवांचा नव्हे. ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. (संस्कृतातील ‘प्र’ व ‘विद्’ हे यांचेच सगोत्र, मात्र तेथे धातू ‘जाणणे’ या अर्थाकडे वळला.) ‘प्रोविदेरे’स द्वितीया जोडली असता पुढचे पाहणे, आणि चतुर्थी जोडली असता कोणासाठी तरतूद करणे, असा अर्थ होई. शहाणपणाचा वाचक ‘प्रुदेंतिया’ हा शब्दही याचेच आकुंचित रूप होय.

सिसेरोने तरुणपणी लिहिलेल्या ‘दे इन्वेंतिओने’ या ग्रंथात ‘प्रोविदेंतिया’ हे मानवी शहाणपणाचेच एक अंग आहे. पुढे इ. स. पूर्व ४५ मधील ‘दे नातुरा देओरुम’ या संवादात ग्रीक ‘प्रोनोइया’चा पर्याय म्हणून तो देवांकडे गेला. गंमत अशी की, तेथे हा पर्याय प्रथम सुचवितो तो एपिक्यूरसपंथी वेल्लेइअस, आणि तोही स्टोइकांच्या या भविष्यवादी म्हातारीची टर उडविताना! ग्रीक शब्दात मनन होते. लॅटिनमध्ये त्याची दृष्टी झाली.

‘प्राए’ म्हणजे आधी. ‘प्राएस्किएंतिया’, म्हणजे आधीच असलेले ज्ञान, हा शब्द टर्टुलियनपासून ख्रिस्ती लेखनात वावरू लागतो. मानवी स्वातंत्र्य राखण्यासाठी सिसेरोने असे पूर्वज्ञान नाकारले होते. ऑगस्टिनने ‘ईश्वरनगरी’च्या पाचव्या पुस्तकात दोन्ही गोष्टी स्वीकारल्या : आपल्या इच्छाही ईश्वराला ज्ञात असलेल्या कारणांतच मोडतात. तथापि ज्याला भविष्यच नाही त्याचे ज्ञान ‘आधीचे’ कसे, हा प्रश्न सिम्प्लिकिआनुस यास पाठविलेल्या उत्तरांत त्यानेच उपस्थित केला आहे.

हा पेच बोएथिअसला केवळ शब्दाचा नव्हता. इ. स. ५२४ च्या सुमारास, थिओडोरिक राजाच्या कैदेत राजद्रोहाच्या आरोपाखाली तो मृत्यूची वाट पाहत होता. सर्व काही आधीच ज्ञात असेल, तर पुण्यपाप, शिक्षा, आशा आणि प्रार्थना यांना अर्थ काय? ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ या ग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात त्याचे उत्तर उपसर्गावर येऊन ठेपते. ईश्वराचे पाहणे ‘प्राएविदेंतिया’ नव्हे, ‘प्रोविदेंतिया’ होय. कारण उंच शिखरावरून पाहणाऱ्यासारखे ते सर्व काळ एकाच वर्तमानात पाहते. आपल्यासमोर चालणाऱ्यास आपले पाहणे चालावयास लावीत नाही, तसेच हे.

व्युत्पत्ती म्हणून हे सैलच. ‘प्रो’तील ‘पुढे’ त्याने ‘दूर’ असा घेतला, व काळाच्या जागी अंतर आणले. तरीही युक्तिवादाचा सारा भार या बदलावरच आहे. चतुर्थीतील काळजी मात्र त्या शिखरावरून दिसत नाही. तिच्या जवळ जाणारा अर्थ चौथ्या पुस्तकात सापडतो. तेथे ‘प्रोविदेंतिया’ ही सर्वांची व्यवस्था लावणारी ईश्वरी बुद्धी असून, ‘फातुम’ म्हणजे त्याच व्यवस्थेचा काळात होणारा उलगडा होय.