जाड कोण, आजारी कोण?

गणपतीला रत्नागिरीला गेलो की काकू दारातच ठरलेलं वाक्य टाकते, "काय रे, तब्येत सुधारली हो तुझी!" म्हणजे मी आणखी जाड झालोय. काका शेजारी खुर्चीत बसून हसतात. काका म्हणजे ५४ किलो, उंची पाच फूट पाच इंच, आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर. मी ८८ किलो, पाच फूट आठ, आयुष्यभर (म्हणजे गेली बारा वर्षं) खुर्चीत.

गंमत अशी की साखर काकांना आहे, मला नाही. खरं तर 'गंमत' हा शब्द इथे चुकलाच. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पायाची जखम भरेना, तेव्हा मधुमेह कळला. तोवर उशीर झाला होता, उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. त्याआधी थकवा येतो, तहान फार लागते म्हणून ते एका डॉक्टरांना दाखवून आले होते. "तुम्हाला कसली शुगर, केवढे बारीक तुम्ही!" असं म्हणून टॉनिक लिहून मिळालं होतं. इकडे मी विमा काढायला गेलो तर सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही नुसतं वजन बघून हप्ता वाढवून मागितला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. लठ्ठपणा हा रोग आहे का? आणि असेल, तर तो रोग आहे हे ठरवलं कोणी, कधी आणि कशावरून?

आपल्या भाषेला विचारलं तर उत्तर सरळ 'नाही' असं येतं. बाळ बाळसं धरतं, पोरगी अंगाने भरते, माणूस खात्यापित्या घरचा दिसतो. पगारसुद्धा चांगला असला की लठ्ठ असतो. काळजीचे शब्द सगळे उलट्या बाजूला: वाळलास, सुकलास, खंगलास. ज्या कोकणात पिढ्यानपिढ्या घर मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाललं, तिथे गिरणीतला चाकरमानी जरा भरून घरी आला, तर आईच्या जिवाला बरंच वाटणार. पुढच्या तंगीच्या दिवसांसाठी चरबी म्हणजे अंगावरचं बचत खातं होतं.

मग 'रोग' ही पाश्चात्त्य कल्पना का? तर तसंही नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय आहे, त्यात आठ प्रकारची 'निंदित' शरीरं सांगितली आहेत. फार उंच, फार बुटका वगैरे. त्यातल्या दोघांवरच पुढे सविस्तर लिहिलंय: अतिस्थूल आणि अतिकृश. म्हणजे जाड आणि बारीक, दोघंही एकाच यादीत! स्थूल माणसाचं आयुष्य कमी होतं, हालचाली मंदावतात, भूक-तहान फार लागते, असे आठ दोष दिलेत. कारणांमध्ये जास्त खाणं, दिवसा झोप, व्यायाम नसणं हे आहेच, पण शेवटी 'बीजस्वभाव'ही आहे. बीजातूनच आलेला स्वभाव. लहानपणापासून "जरा कमी खा" ऐकत आलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द वाचून किती बरं वाटलं सांगू! (आधुनिक विज्ञानाला भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक सापडायला १९९४ साल उजाडावं लागलं.) पुढे माधवनिदान या ग्रंथात तर 'मेदोरोग' असं स्वतंत्र प्रकरणच आलं.

पण चरकाकडे वजनकाटा नव्हता. वैद्य समोरच्या माणसाकडे बघून ठरवायचा. आकडा आला युरोपातून, आणि तोही डॉक्टरांकडून नाही.

१८३०च्या दशकात बेल्जियममध्ये अडॉल्फ केटले नावाचे खगोलशास्त्रज्ञ 'सरासरी माणूस' शोधत होते. त्यांना दिसलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. संपलं. रोगाचा, लठ्ठपणाचा विषयच नव्हता त्यात.

त्यानंतरचं वळण विमा कंपन्यांचं. अमेरिकेत मेट्रोपॉलिटन लाइफचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी १९४२-४३ मध्ये आपल्या पॉलिसीधारकांच्या नोंदींवरून 'आदर्श वजनाचे' तक्ते काढले. १९५९ मध्ये ते सुधारले. विमा घेऊ शकणाऱ्या, मुख्यतः गोऱ्या अमेरिकनांचा हा विदा. उद्देश एकच: हप्ता किती लावायचा? हे तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर गेले आणि 'जोखीम' हळूहळू 'आजार' वाटायला लागली. माझा वाढीव हप्ता त्याच वंशातला म्हणायचा.

१९७२ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी केटलेंचं जुनं सूत्र बाहेर काढलं आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' असं नाव दिलं. बीएमआय तो हाच. तपासले होते पाच देशांतले सुमारे ७,४०० निरोगी पुरुष. बाई एकही नाही, भारतीय कोणी नाही. कीज यांचा दावाही माफक होता: उपलब्ध साध्या सूत्रांत हे इतरांइतकं तरी बरं आहे. आमच्या धंद्यात असं फार होतं. कोणीतरी तात्पुरतं म्हणून लिहिलेलं फंक्शन पुढची पन्नास वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालत राहतं!

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत लठ्ठपणा १९४८ पासून आहे. पण रेषा कुठे मारायची, हे हलत राहिलं. १९९८ मध्ये अमेरिकेने 'जास्त वजना'ची रेषा २७-२८ च्या आसपास होती ती २५ वर आणली. झोपताना ठणठणीत असलेले अडीच-तीन कोटी लोक सकाळी जास्त वजनाचे होऊन उठले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी रेषा आणखी खाली आणली: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठ. माझा बीएमआय साडेएकोणतीस. म्हणजे मी अमेरिकेत नुसता जाड आणि पुण्यात लठ्ठ. विमानात बसल्या बसल्या आजारी!

पण भारतासाठी रेषा खाली का आणली, ही गोष्ट महत्त्वाची आहे आणि तिचा मोठा भाग पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळाचे स्नायू कमी, हातपाय बारीक. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारं 'जाड' बाळ! हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा जवळपास निम्मी कमी वजनाची होती, आणि तरीही मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर सामान्यपेक्षा वर होती.

२००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एका फोटोत त्या सूत्राचा निकाल लागला.

काका मला त्या फोटोत दिसतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही, चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा असाच दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला आहे, तो या काळजीतूनच.

बारीक माणसाच्या आजाराचं तर नावही टिकलं नाही. कुपोषणाशी जोडलेला मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये यादीत घेतला आणि पुरावा अपुरा म्हणून १९९९ मध्ये काढून टाकला. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'प्रकार ५' म्हणून पुन्हा मान्यता दिली. (काकांना तोच आहे असं मी म्हणत नाही. पण नाव नसलेला आजार शोधायला कोणी जात नाही, एवढं खरं.)

नावाला एवढी किंमत असते म्हणूनच भांडणं होतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जून २०१३ मध्ये लठ्ठपणाला रोग म्हणून मान्यता दिली, तीही स्वतःच्याच अभ्यास समितीचा सल्ला डावलून. समितीचं म्हणणं होतं की बीएमआय हे मोजमापच कच्चं आहे. बाजूने बोलणारे म्हणत होते, रोग म्हटल्याशिवाय पैसे कोण देणार आणि दोष देणं कसं थांबणार? दोघांचंही खरं होतं. आपल्याकडेही विमा नियामकाच्या २०१९च्या नियमावलीत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया विम्यात धरायची तर बीएमआय किमान ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशा अटी आहेत. पुन्हा तोच आकडा. २०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आल्यावर, 'रोग' या शब्दामागे मोठी बाजारपेठही उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने जो तोडगा सुचवला, तो मला पटला. नुसत्या बीएमआयवर जाऊ नका, कंबर मोजा किंवा चरबी मोजा. जास्तीच्या चरबीने अवयवांचं काम बिघडलं असेल किंवा रोजचं जगणं अडत असेल, तर तो रोग. तसं नसेल तर ती जोखीम, लक्ष ठेवा. आमच्या भाषेत एरर वेगळी, वॉर्निंग वेगळी. वॉर्निंगकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे रिलीजच्या रात्री जागलेल्या कुणालाही विचारा. त्यामुळे मी रोगी नसलो तरी सुटलो असं नाही.

थोडक्यात काय, तर वजन हा रोग नाही. चरबीने आत केलेला बिघाड हा रोग आहे, आणि तो काट्यावर दिसेलच असं नाही. इतकी वर्षं आपण आकड्याला रोग म्हटलं. त्याची किंमत माझ्यासारख्यांनी शरमेत आणि हप्त्यात चुकवली, काकांनी दोन बोटांत.

यंदा गणपतीला शिंप्याची टेप घेऊन गेलो होतो. माझी कंबर १०१ सेंटीमीटर, फार हसले सगळे. मग काकांचा मुलगा उभा राहिला. ६२ किलो, हातपाय काड्या, म्हणून आजवर एकदाही साखर तपासलेली नाही. त्याची कंबर ९३ भरली. पुरुषांची मर्यादा ९०. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्याला घेऊन लॅबमध्ये गेलो. साखर काठावरची निघाली. वेळेत कळली. आता तो रोज संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर चालायला जातो, आणि काकू त्याला अजूनही म्हणते, "चालून चालून वाळलास रे!"