चिमट्यापासून आरशापर्यंत

मंडळी, ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण हसत हसत बोलतो. पण वय झाले की दात जायचेच, हे आपण त्यात मुकाट्याने कबूल करून टाकलेले असते. म्हणूनच दुखत नसताना दातांच्या डॉक्टरकडे जाणारा माणूस आपल्याला जरा चमत्कारिक वाटतो. दुखत नाही, खुपत नाही, मग दाखवायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर आज आपण इतिहासाला विचारू या.

‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो. ही समजूत फार जुनी आहे, बरं का. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दातातल्या किड्याचा मंत्र लिहिलेला सापडला आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंत’ नावाचा विकार सांगितला आहे. दात दुखला की आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देत, तर युरोपात खुरासनी ओव्याची. धुरीनंतर पांढरे, बारीक काहीतरी पडलेले दिसे आणि लोक म्हणत, ‘पाहा, किडे पडले!’ खरे म्हणजे ते त्या ओव्याच्याच बियांतले कोंब असत.

फ्रान्समधल्या पिएर फोशार नावाच्या दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकातून किडलेले दात पाहिले. त्याला किडा दिसला नाही. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तसे स्पष्ट लिहिले. मग दात पोखरतो कोण? याचा उलगडा बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली केला. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिठूळ अन्न खातात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दात विरघळवते.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. दाताच्या वरच्या कवचाला जाणीवच नसते. कीड तेवढ्यातच असते तोवर ती बोलत नाही. ती आतल्या नसेपर्यंत पोहोचली की मग रात्रभर माणूस गाल धरून बसतो. म्हणजे दुखणे ही रोगाची सुरुवात नव्हे. दुखेपर्यंत थांबणारा माणूस उशीराच पोहोचतो.

पण जुन्या काळी लवकर जाऊन उपयोग तरी काय होता? दातांचा वैद्य म्हणजे चिमटेवाला! युरोपात न्हावी आणि जत्रेतले फिरस्ते दात उपटत. आपल्याकडेही बाजारात सतरंजी अंथरून दात काढणारे बसत. भूल नव्हती. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली आणि वेदनेवर उपाय असू शकतो हे दिसले. त्याआधी चार वर्षे, १८४० साली, बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले होते. १८९५ साली राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि काही आठवड्यांतच जर्मनीत दातांचे चित्र घेतले गेले. आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले, आणि १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. असा हा चिमटेवाल्याचा तपासनीस होत गेला.

हा तपासनीस करतो तरी काय, ते पाहू. खुर्चीवर बसवून तो आधी विचारपूस करतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा विकार आहे का, औषधे कोणती चालू आहेत, बाई गरोदर आहे का, तंबाखू, मिश्री, सुपारीची सवय आहे का. लाजू नका, खरे सांगा. मग तो जबडा आणि मानेच्या गाठी हाताने चाचपतो. ओठ, गाल, जीभ आणि जिभेखालची जागा पाहतो. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पुरते न उघडणे, हे तो शोधत असतो. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर माणूस वाचण्याची आशा पुष्कळ असते.

नंतर छोट्या आरशाने एकेक दात, आणि खुणा असलेल्या बारीक सळईने हिरडी. निरोगी हिरडीत ही सळई सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतच जाते. गरज वाटली तर क्ष-किरणाने चित्र. दातांवर साचलेले टणक कीटण तो खरवडून काढतो. सुश्रुताने याला ‘दंतशर्करा’ म्हटले आहे. ‘कीटण काढले की दात हलतात’ हा गैरसमज आहे. हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने ते फक्त झाकलेले असते. दुखणे नसेल तर सारी तपासणी थोड्या वेळात उरकते. पुढे कधी यायचे हे तुमचे दात आणि सवयी पाहून तो सांगतो. सर्वांना एकच मुदत नसते.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. १९०२ साली स्ट्रासबुर्ग शहरात डॉ. येसेन यांनी शाळेच्या मुलांसाठी दातांचा दवाखाना उघडला. १९२१ पासून न्यूझीलंडने शाळांसाठी दंतपरिचारिका तयार करायला घेतल्या. मुलाला दुखण्याची वाट पाहू द्यायची नाही, हाच त्यामागचा विचार. आपल्याकडे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणारे पथक मुलांचे दातही पाहते. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका. पालकांच्या हाती द्या, आणि जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो हेही सांगा.

पहिलीच्या वर्गात आणखी एक गोष्ट पाहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि ‘पडेल, दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. मंडळी, ती पक्की दाढ आहे. ती गेली की दुसरी येत नाही. जन्मभर चणे फोडायचे ते तिच्यावरच. आज रात्री जेवणानंतर घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘आ’ करायला सांगा आणि ती दाढ आली आहे का, ते बघा.