कैरोतलं ग्रहण आणि मंदावणारी पृथ्वी

मुसलमानांच्या वैज्ञानिक वारशाचा विषय निघाला की दोन टोकाचे सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आजच्या विज्ञानातला प्रत्येक शोध आमच्या पूर्वजांनी आधीच लावला होता. दुसरा म्हणतो, अरबांनी ग्रीकांची पुस्तकं उतरवून घेतली, बाकी काही केलं नाही. दोन्हीकडच्या मंडळींनी मूळ नोंदी क्वचितच पाहिलेल्या असतात. म्हणून इथे एका नोंदीचा प्रवास मांडतो.

हिजरी 367, रबी-उल-आखिरची 28 तारीख, गुरुवार. इसवी सनाप्रमाणे 13 डिसेंबर 977. कैरोजवळच्या कराफा इथल्या एका मशिदीत काही विद्वान सकाळीच जमले होते. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. ग्रहण दिसू लागलं तेव्हा सूर्य क्षितिजापासून 15 ते 16 अंशांच्या दरम्यान होता. सूर्यबिंबाच्या व्यासाचे 12 भाग मानले तर सुमारे 8 भाग झाकले गेले, यावर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत झालं. ग्रहण सुटलं तेव्हा सूर्य 33 अंशांच्या थोडा वर आला होता. हे सगळं इब्न युनूस या खगोलशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं.

इब्न युनूस फातिमी खलिफांच्या काळातला. त्याचं निधन 1009 साली झालं. खलिफा अल-हाकिमला अर्पण केलेल्या त्याच्या ‘ज़ीज’मध्ये, म्हणजे खगोलीय कोष्टकांच्या ग्रंथात, त्याने स्वतःच्या निरीक्षणांबरोबर आधीच्या पिढ्यांच्या नोंदीही जपल्या. त्यात बगदादच्या इब्न अमाजूर घराण्याच्या नोंदी आहेत. 928 सालचं ग्रहण या लोकांनी पाण्यातल्या प्रतिबिंबात पाहिलं होतं. जुन्या कोष्टकांतून काढलेली वेळ आणि डोळ्यांना दिसलेली वेळ जुळली नाही, तर तो फरकही ते नोंदवत. सूर्याची किंवा एखाद्या ताऱ्याची उंची मोजून ते वेळ काढत. ही पद्धत महत्त्वाची ठरली, कारण उंचीचा आकडा असला की हजार वर्षांनीही त्यावरून वेळ काढता येते.

आता लंडनला जाऊ. 1695 साली एडमंड हॅली (धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेला) याने बाबिलोनच्या प्राचीन नोंदी, अल-बत्तानीने नवव्या शतकात सीरियातल्या रक्का इथे केलेल्या नोंदी आणि आपल्या काळातल्या नोंदी शेजारी ठेवल्या. त्याला शंका आली की चंद्राचा वेग वाढतो आहे. 1749 साली रिचर्ड डन्थॉर्न याने हा वेग आकड्यांत मांडला. त्यासाठी त्याने वापरलेल्या नोंदींत इब्न युनूसची 977 आणि 978 सालची कैरोची ग्रहणं होती. त्या ग्रंथाचं हस्तलिखित तोवर हॉलंडमधल्या लायडनला पोहोचलं होतं.

पण चंद्राचा वेग वाढावा का? 1787 साली लाप्लासने पृथ्वीच्या कक्षेच्या आकारात होणाऱ्या बदलातून याचं उत्तर दिलं आणि प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. 1853 साली जॉन अॅडम्सने तेच गणित पुन्हा केलं, तेव्हा त्यातून जेमतेम अर्ध्या फरकाचाच उलगडा होतो असं निघालं. उरलेल्या अर्ध्याचं कारण फ्रान्सच्या दलोने याने 1865 साली सांगितलं: चंद्र जितका घाईत दिसतो तितका तो नाही. आपलं घड्याळ, म्हणजे खुद्द पृथ्वी, मंद होते आहे.

इथे कोनीय संवेग अक्षय्यतेचा नियम येतो. स्वतःभोवती गिरकी घेणारी नर्तकी पसरलेले हात छातीशी घेते तेव्हा तिची गिरकी वेगवान होते, हात पसरले की ती मंदावते. वस्तुमान, त्याचं अक्षापासूनचं अंतर आणि फिरण्याचा वेग यांचा मिळून जो हिशेब होतो, तो बाहेरून पीळ दिल्याशिवाय बदलत नाही. अठराव्या शतकात ऑयलर आणि डॅनियल बर्नुली यांच्या कामातून हा नियम गणिताच्या भाषेत पक्का होत गेला.

पृथ्वी आणि चंद्र यांची जोडी याच नियमाने बांधलेली आहे. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरतीचा फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती वेगाने फिरत असल्याने तो फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे जातो आणि चंद्र त्याला मागे खेचतो. समुद्राच्या पाण्याचं घर्षण होतं, पृथ्वीची गिरकी मंदावते. पण तिने गमावलेला कोनीय संवेग नाहीसा होत नाही. तो चंद्राच्या कक्षेत जमा होतो आणि चंद्र दूर सरकतो. 1969 साली अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. त्यांच्यावर लेझर सोडून मोजलं असता हा वेग वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटर निघाला. दूर गेलेला चंद्र खरं तर हळू फिरतो. मात्र पृथ्वी त्याहून अधिक मंदावत असल्याने तिच्या दिवसांनी मोजल्यावर तो पुढे धावताना दिसतो.

दिवस किती लांबतो? शतकामागे दोनेक मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण हजार वर्षांचे दिवस साडेतीन लाखांहून अधिक होतात आणि थेंब थेंब साचत जातो. पृथ्वीचा वेग कायम आजच्याइतकाच होता असं धरून गणित केलं, तर कैरोच्या त्या ग्रहणाची वेळ जवळपास अर्ध्या तासाने चुकते.

2016 साली स्टीफन्सन, मॉरिसन आणि होहेनकर्क यांनी बाबिलोन, चीन, ग्रीस, अरब जगत आणि युरोप इथल्या नोंदी एकत्र करून दिवस शतकामागे सुमारे 1.8 मिलिसेकंदांनी लांबतो असा निष्कर्ष काढला. नुसत्या भरती-ओहोटीचा हिशेब मात्र 2.3 येतो. मधला फरक कुठे गेला? हिमयुगातलं बर्फ वितळल्यावर ध्रुवांकडची दबलेली जमीन अजूनही वर येते आहे आणि पृथ्वी किंचित अधिक गोल होते आहे, हे त्याचं एक मुख्य कारण मानलं जातं. नर्तकीने हात थोडे जवळ घ्यावेत तसंच हे.

इब्न युनूसला कोनीय संवेग ठाऊक नव्हता. पृथ्वी स्थिर आहे असंच त्याच्या काळाचं शास्त्र सांगत होतं. त्याच्या नावावर हा शोध चढवणं म्हणजे त्याच्यावरच अन्याय करणं. त्याचं मोठेपण त्याच्या सवयीत आहे: चारचौघांसमोर मोजायचं, एकमत झालं तर तसं लिहायचं आणि गणित चुकलं तर तेही लपवायचं नाही. सातशे-आठशे वर्षांनी परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या माणसांना त्या आकड्यांवर विसंबून राहता आलं ते याच सवयीमुळे. आपल्या मुलांना पूर्वजांच्या नावांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा ही सवय लावली, तर वारसा खऱ्या अर्थाने पुढे जाईल.